बाबा येईपर्यंत जागायचे?

डोंबिवलीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. शाळा चारला सुटते. वडील कचेरीतून येतात पावणेनऊला, आणि "बाबांशिवाय जेवणार नाही" असा चिरंजीवांचा हट्ट! मग जेवण, गप्पा, मोबाईलवरची चित्रे यांत अकरा वाजतात, आणि सकाळी सातला उठवताना रोज रडारड. बाई विचारतात, "लवकर निजवले, तर बापलेकांची भेट कधी व्हायची?"

प्रश्न रास्त आहे. पण आधी हिशेब पाहू. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. अकरा ते सात म्हणजे आठच तास झाले. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे महाराष्ट्र सरकारने २०२४ साली शाळांना सांगितले, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. सकाळी मिळालेला तास आपण रात्री उधळला, तर सरकार तरी काय करणार?

अनेक वर्षे बालवर्ग शिकवताना मी पाहिले आहे, की झोप कमी पडलेले मूल पेंगतेच असे नाही. ते चिडते, ढकलाढकली करते, आणि आपण त्याला 'द्वाड' म्हणून मोकळे होतो!

तेव्हा माझे मत असे, की जेवण बाबांसाठी थांबवू नये. निजवणे मात्र बाबांकडे द्यावे. मुलाने साडेसातला जेवावे. बाबांनी आल्यावर हातपाय धुऊन थेट त्याच्या अंथरुणापाशी बसावे, दिवसभराचे ऐकावे, गोष्ट सांगावी. सव्वानऊला दिवा बंद. बाबांचे ताट त्यानंतर. भुकेल्या माणसाला हे जड जाईल खरे, पण मधल्या वेळचे काही स्टेशनवर खाता येते. ज्या दिवशी लोकल रखडेल, त्या दिवशी सकाळी शाळेच्या बसपर्यंत बाबांनी पोचवावे. भेट म्हणजे रात्रीचीच असे थोडेच आहे?

बाकीची संध्याकाळ या सव्वानऊवरून मागे मोजत यावी. आठनंतर मोबाईल आणि टीव्ही बंद. चारला घरी आल्याबरोबर थालीपीठ किंवा पोळीचा लाडू असे पोटभरीचे द्यावे. सहाला बिस्किटांचा पुडा दिलात, तर साडेसातचा वरणभात पानातच राहील. मग दिवेलागणीपर्यंत खाली खेळ. शिकवणीचे वर्ग या वयात नकोतच. पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, असे केंद्राने २०१८ सालीच राज्यांना कळवले आहे. आपण घरी नवा कशाला काढायचा?

आपल्या आजीच्या घरात दिवा लागला की खेळ थांबे; हातपाय धुणे, शुभंकरोती, परवचा, जेवण, गोष्ट. त्यात देवधर्म किती ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण क्रम रोज तोच असल्याने घड्याळ न कळणाऱ्या मुलालाही पुढचे ठाऊक असे, आणि हुज्जत निम्मी होई.

अकरावरून सव्वानऊवर एका रात्रीत येता येत नाही. दर दोन दिवसांनी पाव तास अलीकडे या. पंधरवडा लागेल, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत बसते. सुट्टी आहे म्हणून सकाळी मात्र उशिरापर्यंत लोळू देऊ नका. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठलेले मूल त्या रात्री लवकर डुलक्या घेऊ लागते. सुरुवात त्याच रात्री करा.