घर कोणाला म्हणावे?

दिवाळी सरली की कल्याण-अहिल्यानगर महामार्गावरील पिंपरी पेंढारच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरू लागतात. मराठवाडा, अहिल्यानगर, खानदेश अशा दूरच्या भागांतून ही कुटुंबे येतात. सोबत चार भांडी, धान्याचे पोते, अंथरूण-पांघरूण, क्वचित कोंबड्या आणि कडेवर मूल. एक-दोन दिवसांत मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. बांबू वाकवून त्यावर ताडपत्री टाकली, बाजूंना पाचट लावले, पुढे तीन दगडांची चूल मांडली की संसार सुरू. पहाटे आई-बाप कोयता घेऊन फडात जातात. कोपीत राहते ते तान्हे मूल आणि त्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण.

याच रस्त्याने गावातील मुले शाळेत जातात. त्यांतील एखादे मूल संध्याकाळी घरी येऊन विचारते, "आई, त्यांना घर नाही का?" प्रश्न साधा आहे. पण आपण मोठी माणसे त्याचे जे उत्तर देतो, त्यावरून त्या मुलाचे मन घडत असते, याचे भान फारसे कोणाला नसते.

साधारणतः तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले, "ते गरीब आहेत." यातून मुलाला दया शिकवली जाते, पण कारण कळत नाही. दुसरे, "अभ्यास केला नाहीस तर तुझीही अशीच गत होईल." हे उत्तर सर्वांत घातक. दिवसभर राबणाऱ्या माणसाची अवस्था म्हणजे आळसाची शिक्षा आहे, असे यातून सुचवले जाते, आणि समोरच्या कष्टकऱ्याकडे तुच्छतेने पाहण्याचा संस्कार नकळत होतो. तिसरे उत्तर म्हणजे मौन. "तू जेव आधी" असे म्हणून विषय संपवला जातो. मूल समजते की, हा विचारण्यासारखा प्रश्न नाही.

खरे उत्तर काय? पहिली गोष्ट, ऊसतोड कामगाराला बहुधा घर असते. ते शेकडो किलोमीटर दूर त्याच्या गावी असते. दाराला कुलूप असते किंवा म्हातारे आजी-आजोबा तेथे वाट पाहत असतात. गावी पाणी नाही, हाताला काम नाही, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची आहे, म्हणून वर्षातील पाच-सहा महिने ते घर सोडावे लागते. जुन्नरला कुकडी प्रकल्पातील धरणांचे पाणी मिळाले आणि ऊस पिकला. तो ऊस तोडण्यासाठी ज्यांच्या गावी पाणी पोहोचले नाही ते लोक आले. आपल्या घरातील साखरेच्या डब्याचा त्या कोपीशी संबंध आहे, एवढे सहा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येते.

दुसरे बिऱ्हाड मेंढपाळांचे. त्यांच्या मुक्कामाला 'वाडा' म्हणतात. घोड्यावर संसार, भोवती वाघर, मध्ये मेंढरे आणि शेजारी उघड्यावर झोपलेली मुले. शेतात मेंढ्या बसवल्या की जमिनीला खत मिळते, म्हणून शेतकरीच त्यांना बोलावतो. हे भटकणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची जीवनपद्धती आहे. तिला बेघरपणा म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

तिसरा प्रकार मात्र खऱ्या अर्थाने घर हरवण्याचा. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली, घरे दिसेनाशी झाली. वाचलेल्यांसाठी पुढे नवे गाव वसवले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांना पक्की घरे मिळाली. भिंती मिळाल्या, छप्पर मिळाले. परंतु शेजार, नाती, ओळखीचे उंबरे परत आले नाहीत. घर म्हणजे केवळ बांधकाम नव्हे, हे माळीणइतके दुसरे कोणी शिकवू शकणार नाही.

आणि चौथा प्रकार शहरांतला. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री पदपथांवर, पुलांखाली, रेल्वे फलाटांवर झोपलेल्यांची मोजणी झाली. ती संख्या देशभरात १७ लाखांहून अधिक भरली. पुण्याला आजीकडे जाताना सिग्नलला जे मूल दिसते, त्यामागे ही संख्या उभी आहे.

बिबट्याच्या पिलाची गोष्ट

लहान मुलाला आकडे कळत नाहीत, गोष्ट कळते. जुन्नरच्या मुलांना ती शोधण्यास दूर जावे लागत नाही. उसाच्या फडात बिबट्याची मादी पिले देते. दाट ऊस हेच त्या पिलांचे घर. तोडणी सुरू झाली की ते घर मुळासकट उघडे पडते आणि कोयता चालवणाऱ्याच्या पुढ्यात इवलीशी पिले येतात. मग काम थांबते, वन विभागाला कळवले जाते. कर्मचारी पिलांची तपासणी करतात आणि रात्री पुन्हा त्याच जागी टोपलीत वा पेटीत ठेवतात. अंधारात आई येते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. ऊस गेला, जागा गेली, तरी आई आली आणि पिलांचे घर परत आले. घर म्हणजे आपल्याला शोधत कोणीतरी येणारच हा विश्वास, हे मुलाला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू झाकू नये. तोच बिबट्या उघड्यावर झोपलेल्या मुलाचा काळही होतो. २०२४ साली जुन्नर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेले, त्यांत लहान मुलेही होती. गावातील मूल दाराला कडी लावून झोपते. कोपीतील मुलाला दारच नसते. घराचे दार किती मोलाचे, हे त्या रात्रीच्या अंधारात कळते.

परंपरेचा धागा

पिंपरी पेंढारपासून जवळच आळे हे गाव आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी येथे असल्याचे परंपरा सांगते. दर्शनाला नेलेल्या मुलांना आपण रेड्याचा चमत्कार सांगतो. ती चार भावंडे मात्र सांगायची राहून जातात. समाजाने वाळीत टाकलेली, आई-वडिलांचे छत्र गमावलेली, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत वणवण करणारी चार मुले. ज्यांना समाजाने दार बंद केले, त्यांतील एकाने पुढे नेवाशाला अवघ्या विश्वासाठी प्रसाद मागितला. आज आपल्या दारावरून जाणाऱ्या मुलांत कोण दडले आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. हा विचार मुलाच्या मनात रुजला, तर आळ्याची यात्रा सार्थकी लागेल.

येथे एक सावधगिरी हवी. गीतेतील भक्ताच्या लक्षणांत 'अनिकेत' हा शब्द येतो आणि संन्याशाच्या गृहत्यागाला आपण वंदन करतो. तो त्याग स्वेच्छेचा असतो. परिस्थितीने लादलेल्या बेघरपणाला वैराग्याचे नाव देऊन मोकळे होणे ही आत्मवंचना आहे.

समजणे आणि करणे

मुलांना समजावणे शब्दांनी पुरे होत नाही, ती कृतीतून शिकतात. जुने कपडे कोपीवर नेऊन देण्याआधी मुलाला तेथील मुलाचे नाव विचारायला शिकवावे. नाव कळले की 'ते' आणि 'आपण' यांतील भिंत खचू लागते. संक्रांतीचा तिळगूळ तेथे न्यावा, आणि त्या मुलांनाही आपल्या अंगणात खेळायला बोलवावे. घेणाऱ्याच्या हाताइतकाच त्याचा मान जपावा, हा धडा मुलाने आई-वडिलांच्या वागण्यातून घ्यायचा असतो.

शाळेचा भाग तर कायद्याचाच आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार स्थलांतरित मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हंगामापुरते चार महिने का होईना, कोपीतील मूल गावच्या वर्गात बसले, तर वर्गातील तीस मुलांना वेगळा पाठ द्यावा लागणार नाही. यासाठी शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी पुढाकार घेऊन टोळीच्या मुक्कामावर जाणे, एवढेच लागते. पाण्याची सोय, रात्रीचा एक दिवा, आडोशाचे शौचालय आणि तान्ह्या मुलांसाठी दिवसा सुरक्षित जागा ही ज्याच्या रानात ऊस आहे त्या गावाचीही जबाबदारी आहे.

हे अशक्य नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या भटक्या जमातींच्या मुलांसाठी तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ साली निवासी शाळेचे काम उभे राहिले. पालावरची मुले तेथे शिकली. त्यांना आधी मिळाले ते हक्काचे छप्पर आणि वाट पाहणारी माणसे, अक्षरे त्यामागून आली.

मार्चच्या सुमारास ऊस संपतो, कोप्या मोडल्या जातात आणि रानात चुलीचे तीन काळे दगड तेवढे राहतात. शाळेतून येणारे मूल ते दगड पाहून थांबते आणि विचारते, "ती कुठे गेली?" तेव्हा त्याला सांगता यावे की, ती आपल्या घरी गेली, तिचे नाव आपल्याला माहीत आहे आणि दिवाळीनंतर ती आली की तिची पाटी वर्गात असेल. हे उत्तर देता येण्यासाठी करायचे काम फार मोठे नाही. पण ते प्रत्येक घराला आपल्या उंबऱ्यापासूनच सुरू करावे लागेल.