सीमा पाहण्याचा छंद

देशोदेशींच्या सीमा शोधून पाहणे हा एक वेगळा छंद आहे. दिल्लीहून अनेक जण अमृतसरजवळच्या अटारीला जातात आणि १९५९ पासून चालत आलेला ध्वज उतरवण्याचा सोहळा पाहून, घोषणा देऊन परततात. एवढ्याने सीमा कळते काय?

ही सीमा दिल्लीतच नकाशांवर आखली गेली. पूर्वी कधीही भारतात न आलेले सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी दिल्लीत पोहोचले. त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाला. फाळणीने लक्षावधी माणसे बेघर झाली. त्यांच्यापैकी अनेकांसाठी दिल्लीत लाजपतनगर वसले. म्हणून सीमा पाहू इच्छिणाऱ्याने अटारीइतक्याच आस्थेने लाजपतनगरही पाहावे. त्याशिवाय त्या रेषेची किंमत कळणार नाही.