दोर सोडणारा विठ्ठल

आज आषाढ शुद्ध एकादशी. आळंदीहून ज्ञानोबांची व देहूहून तुकोबांची पालखी पंढरीत विसावली आहे, चंद्रभागेचे वाळवंट वारकऱ्यांनी फुलून गेले आहे, आणि ज्यांना जाणे घडले नाही त्यांनी घरच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले आहेत. अशा मंगल दिवशी एका अमंगल गोष्टीचा उच्चार आम्ही करीत आहोत. ही गोष्ट म्हणजे घराच्या चार भिंतींआड स्त्रीला होणारी मारहाण. आजच्या दिवशी हा विषय कशाला, असे कोणी म्हणू नये. कारण हा विषय संतचरित्रांनीच आपल्यापुढे ठेवला आहे.

कऱ्हाडच्या सखूची कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. १९४१ साली प्रभातने तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हापासून तर ती घराघरांत पोहोचली. सासरचा जाच सोसणारी ही सून कृष्णेवर पाण्याला जाते, पंढरीला निघालेली दिंडी पाहते आणि घागर तेथेच ठेवून तिच्यात सामील होते. नवरा तिला ओढून परत आणतो, मारतो आणि घरात खांबाला बांधून ठेवतो. पुढे काय घडते ते आपण शेकडो कीर्तनांतून ऐकले आहे. विठ्ठल स्वतः येतो, तिचे दोर सोडतो, तिला पंढरीच्या वाटेला लावतो आणि तिच्या जागी आपण बांधून घेतो.

ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो. पण तिचा अर्थ पुरता ध्यानी घेतो का? देवाने सखूला ‘सोसत राहा’ असे सांगितले नाही. तिचे पूर्वकर्म काढले नाही, नवऱ्याची मर्जी राखण्याचा उपदेश केला नाही. त्याने आधी गाठ सोडली. मग तिला चालू दिले. परंपरेने जपलेला हा क्रम आहे, आणि नेमका तोच आपण व्यवहारात उलटा करतो.

दुसरे चरित्र इतिहासातील आहे. संत बहिणाबाईंचा जन्म १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावचा. अगदी बालवयात त्यांचे लग्न त्यांच्याहून पुष्कळ मोठ्या असलेल्या गंगाधर पाठकांशी झाले. भाऊबंदकीच्या कटकटीमुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करीत ते कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनाचा बहिणाबाईंना छंद लागला, लोक त्यांना मानू लागले, आणि पतीने संतापून त्यांना बांधून मारले. त्यांनी हे लपविले नाही. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी ते स्पष्ट सांगितले. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने नवऱ्याच्या हातचा मार अक्षरबद्ध करावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्या तुकोबांना त्यांनी स्वप्नात गुरू केले, त्यांच्या देहूला त्या पुढे पोहोचल्या, आणि १७०० साली देह ठेवीपर्यंत त्यांची वाणी थांबली नाही.

बहिणाबाईंचे पती पुढे पालटले, हे खरे. परंतु हा शेवट आज मार खाणाऱ्या स्त्रीला आश्वासन म्हणून देणे अन्यायाचे आहे. ‘तूही भक्ती कर, उपास धर, तोही सुधारेल’ असे सांगणारा आपल्या पदरची जबाबदारी तिच्या व्रतांवर ढकलून मोकळा होतो. नवऱ्याचा हात थांबला नाही, तर तिची भक्तीच उणी पडली, असा त्याचा अर्थ होतो. आणि मार खाल्लेल्या जिवाला अपराधीपणाचा दुसरा मार बसतो.

हे दुःख किती घरांत आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाह झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. त्याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणापाशी वाच्यताही केली नाही, असे आढळले. देवापुढे हात जोडणाऱ्या कुटुंबांना या संख्येतून वगळण्याचे काही कारण नाही.

अशा स्त्रीला वारी काय देते? वर्षानुवर्षे धाकात राहिलेले शरीर सदैव दचकलेले असते. दाराची कडी वाजली तरी छातीत धडधडते, झोप तुटक होते, श्वास उथळ होतो. भय मनात असते तसेच ते अंगातही मुरते, आणि नुसत्या समजुतीच्या शब्दांनी निघत नाही. वारीत हेच शरीर चालू लागते. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे २५० किलोमीटरांचा पल्ला टाळमृदंगाच्या ठेक्यावर पायांखाली जातो. अभंगाचे चरण लांबवून गाताना श्वास आपोआप दीर्घ होतो, आणि सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची धडधड मंदावते. डोक्यावर तुळस घेऊन रिंगणात धावणारी, विसाव्याला फुगडी घालणारी स्त्री आपल्या देहाकडे माराची जागा म्हणून नव्हे, बळाची व आनंदाची जागा म्हणून पुन्हा पाहू शकते. नियमित चालण्याने खिन्नता उणावते, हे आज वैद्यकशास्त्रही सांगते.

शिवाय तेथे तिला नवे नाव मिळते. दिंडीत जो तो एकमेकांना ‘माउली’ म्हणतो आणि एकमेकांच्या पाया पडतो. घरी जिला हाक शिवीने येते, तिच्या पायांना एक अनोळखी वृद्ध वारकरी हात लावतो, तेव्हा आत काहीतरी जागचे हलते. बायका पंढरीला माहेर म्हणतात ते उगीच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून गावोगावच्या लाखावर जात्यावरच्या ओव्या संग्रहित झाल्या. त्यांत विठ्ठलाची भक्ती आहे, तसे सासुरवासाचे दुःखही आहे. जे माणसांना सांगता आले नाही, ते बायांनी जात्यापाशी सांगितले.

परंतु वारी संपते. अठरा-वीस दिवसांनी तीच स्त्री त्याच उंबरठ्याशी परत येते, आणि आत तोच हात उगारलेला असेल, तर वाटेवर भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडते. चालणे आणि नामस्मरण जखम भरून काढतील. जखम करणारा हात अडविण्याचे काम मात्र माणसांचे आहे. त्यासाठी कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबर मानसिक व आर्थिक छळही त्यात येतो; संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरातून तिला हुसकता येत नाही. १८१ या क्रमांकावर महिलांसाठी मदत मिळते आणि तातडीच्या प्रसंगी ११२ वर पोलीस. हा क्रमांक फिरविणे म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगणे नव्हे. अब्रू जाते ती हात उगारला जातो तेव्हा.

आणि कायद्याच्याही आधी आपण आहोत. लेक माहेरी आली आणि तिच्या दंडावर वळ दिसले, तर ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून तिला परत धाडू नका. तिची खोली तिच्यासाठी उघडी ठेवा. सासूबाईंनी मुलाचा हात धरावा. सुनेसाठी त्यांच्याइतके जवळ दुसरे कोणी नसते. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकून आपला आवाज वाढवू नये, दार ठोठवावे. आणि कीर्तनकार बुवांना आमची हात जोडून विनंती आहे: सखूचे आख्यान लावाल तेव्हा तिच्या सोशिकपणापाशी थांबू नका, त्या दोरापाशी थांबा. तो कोणी बांधला आणि कोणी सोडला, हे श्रोत्यांना विचारा.

विठ्ठल सखूच्या जागी बांधून घेतो, याचा अर्थ दुर्बळाचे दुःख तो आपले मानतो. त्याचे भक्त म्हणविणाऱ्यांना याहून निराळा मार्ग नाही. आज तुळशीपुढे दिवा लावताना आपल्या घरात, आपल्या आळीत, आपल्या नात्यात कोणी खांबाला बांधलेली आहे का, हे प्रत्येकाने पाहावे. असेल, तर आजच्या एकादशीचे व्रत तिच्या दोराची गाठ सोडण्यापासून सुरू होते.