समुद्राच्या पहाऱ्याचा खर्च कोणीं सोसावा?

कांदिवलीच्या पूर्वेस लष्कराचें आयुधभांडार आहे. पश्चिमेस चारकोपच्या तिवरांपलीकडे मनोरीची खाडी व तिच्यापुढें उघडा समुद्र. देशाचें रक्षण हें दूर काश्मिरांत चालणारें काम आहे, असें येथील माणसास म्हणतां येत नाहीं. म्हणून सरहद्दीच्या पहाऱ्याचा पैसा राज्यानें द्यावा कीं केंद्रानें, हा प्रश्न आज वाचकांपुढें मांडतों.

घटनेप्रमाणें संरक्षण केंद्राकडे व पोलीस राज्याकडे आहेत. परचक्रापासून प्रत्येक राज्याचें रक्षण करणें हें केंद्राचें कर्तव्य आहे, असें 355 वें कलम सांगतें. शब्द स्पष्ट आहेत. घोटाळा व्यवहारांत आहे.

जमिनीवरील सरहद्दीनें आपणांस हा धडा एकदां दिलेला आहे. 1965 पर्यंत पाकिस्तानच्या सरहद्दीवर राज्यांचे सशस्त्र पोलीस उभे असत. त्या वर्षीं एप्रिलांत कच्छच्या रणांत हल्ला झाला, ही व्यवस्था अपुरी ठरली, आणि 1 डिसेंबर 1965 रोजीं केंद्राच्या खर्चानें सीमा सुरक्षा दल उभें राहिलें. कुंपण तुझ्या शेताला लागून आहे तेव्हां पैसे तूं दे, असें पंजाबच्या शेतकऱ्यास कोणी म्हणत नाहीं.

समुद्राचा न्याय मात्र निराळा! 1993 सालीं रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी येथें स्फोटकें उतरलीं व 12 मार्च रोजीं मुंबईंत 257 माणसें मेलीं. पुढें 2005 सालीं केंद्रानें किनारा सुरक्षा योजना मंजूर केली. बोटी केंद्रानें दिल्या. इंधन, दुरुस्ती व शिक्षण यांचा खर्च पांच वर्षांपुरता दिला. माणसें व त्यांचे पगार राज्यांकडे ठेवले. 26 नोव्हेंबर 2008 रोजीं दहा मारेकरी समुद्रांतूनच आले व 166 जीव गेले. योजनेचा दुसरा टप्पा 2011 सालीं सुरू झाला व 31 मार्च 2020 रोजीं संपला. टप्पे संपतात, पण पांच वर्षांनीं समुद्र आटत नाहीं आणि शत्रु पेन्शन घेत नाहीं. खलाशी व यंत्रचालक यांवांचून बोट म्हणजे बैलावांचून नांगर.

कोणी म्हणतील, पोलीस राज्याचे, तर पगारही राज्यानेंच द्यावा. गांवचा चोर धरण्यापुरतें हें कबूल. पण साताऱ्याकडील केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे यांनीं गिरगांव चौपाटीवर कसाबची बंदूक हातांनीं धरून ठेवली, तेव्हां ते चोर पकडीत नव्हते, परचक्र अडवीत होते. प्राण राज्याच्या शिपायानें दिला; रक्षण साऱ्या देशाचें झालें.

उत्पन्नाकडेही पाहा. बंदरांतील जकात केंद्राची. 297 व्या कलमान्वयें समुद्रतळाची संपत्तीही केंद्राची. करांचा कांहीं वांटा वित्त आयोगामार्फत राज्यांस परत येतो हें खरें. पण तो किनारा पाहून मिळत नाहीं. माल दिल्लीचा आणि राखणदारी मुंबईची, हा हिशेब कोणत्या चावडीवर टिकेल?

हा पैसा शेवटीं गरिबाच्याच ताटांतून जातो. राज्याचा खजिना एकच आहे. गस्तीच्या डिझेलास जें लागतें, तें शाळेच्या छपरास उरत नाहीं. शिवाय मनोरी-गोराईच्या कोळी बांधवांस सरकार आपले ‘डोळे व कान’ म्हणतें. तपासणीसाठीं होडी थांबली तर बाजार चुकतो. सागर सुरक्षा दलांत स्वयंसेवक म्हणून राबायचें तेंही त्यांनींच. डोळ्यांस व कानांस पोट नसतें काय? इकडे 2011 सालीं संरक्षण खात्यानें लष्करी ठाण्यांभोंवतालच्या बांधकामांवर निर्बंध घातले, तेव्हां कांदिवली-मालाडकडील कित्येक जुन्या इमारतींची पुनर्बांधणी अडकली. तोही संरक्षणाचाच खर्च. फक्त तो अंदाजपत्रकांत दिसत नाहीं.

आमचें मागणें थोडकें आहे. बोटी, इंधन व दुरुस्ती यांचा भार केंद्रानें कायमचा उचलावा. सागरी पोलिसांच्या पगारांत निम्मा वांटा द्यावा. पहाऱ्यास जुंपलेल्या कोळ्यांस रोजाचा भत्ता मिळावा, व भांडारालगतच्या रहिवाशांस नुकसानभरपाई. उरलेला निम्मा पगार, बंदरांवरील नोंद व गांवची खबर राज्यानें सांभाळावी. त्यांत त्यानें अंग चोरूं नये. दोन सरकारांनीं हिशेबाची वही एकमेकांकडे ढकलीत बसावें आणि खाडीचें तोंड उघडें राहावें, हें रयतेनें यापुढें चालूं देऊं नये.