दिलगिरी नको, जबाब हवा

खासगी बँकेचे सर्व्हर बसले की रिझर्व्ह बँक त्या बँकेचा कान पकडते. देशाची यूपीआय बसली की मात्र ‘एक्स’वर चार ओळी येतात: तांत्रिक अडचण आहे, काम सुरू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. काही वेळाने पैसे पुन्हा जाऊ लागतात आणि विषय संपतो. नुकसान झालेल्याला कोणी विचारत नाही, चूक करणाऱ्याचे नाव कोणी सांगत नाही. हा दुजाभाव आहे आणि तो रिझर्व्ह बँकेच्या डोळ्यांदेखत चालला आहे.

१२ एप्रिल २०२५ घ्या. हनुमान जयंती होती आणि महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुटी. त्या दिवशी देशभर यूपीआय अडकू लागली. २६ मार्चला ती कोलमडली होती, २ एप्रिलला पुन्हा अडखळली होती आणि आता ही तिसरी खेप. जबलपूरच्या कमानिया गेटपाशी तेव्हा सणाची गर्दी होती. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून बांधलेला हा दरवाजा म्हणजे जुन्या शहराचा बाजाराचा नाका. इकडे सराफा, तिकडे बडा फुहारा, मध्ये बांगड्या, पूजेचे सामान, खोव्याची जिलबी. एका काउंटरवर एक बाई मोबाइलचा पडदा दुकानदारापुढे धरून म्हणत होत्या, “भैया, देखो, एक सौ चालीस कट गए.” दुकानदार तराजूशेजारच्या, पैसे आले की बोलणाऱ्या डब्याकडे बोट दाखवत होता, “भाभीजी, हमारे यहाँ तो बोला ही नहीं.” दोघेही खरे बोलत होते. बाईंच्या खात्यातून पैसे गेले होते, त्याच्या खात्यात आले नव्हते. बाईंकडे रोकड नव्हती, बँकेला कुलूप होते. पुडा परत काचेमागे गेला. मागे रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांचे डोळे त्या डब्याकडे लागले होते. त्या दोघांनी तक्रार करायची कोणाकडे?

कारण नंतर बातम्यांतून कळले, आणि ते चीड आणणारे आहे. एखादा व्यवहार अडकला की बँक यूपीआयच्या मध्यवर्ती प्रणालीला, म्हणजे स्विचला, विचारते, ‘याचे काय झाले?’ ही विचारणा किती वेळाने आणि किती वेळा करायची याचे नियम आहेत. काही बँकांनी ते पाळले नाहीत. जुन्या व्यवहारांचीसुद्धा चौकशी करत त्यांनी विनंत्यांचा भडिमार केला आणि स्विच गुदमरला. म्हणजे ना कोणी हल्ला केला, ना कुठे पूर आला, ना आग लागली. नियम कागदावर होता, पण तो मोडणाऱ्याला दारातच अडवणारी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. अशी मर्यादा घालणे ही कोणत्याही मोठ्या प्रणालीची प्राथमिक गोष्ट आहे. ती एप्रिलमध्ये का नव्हती, हा माझा पहिला प्रश्न. त्या बँका कोणत्या, हा दुसरा. त्यांची नावे लोकांसमोर आली नाहीत. यूपीआय चालवणारी राष्ट्रीय पेमेंट्स निगम ही कंपनी बँकांच्याच मालकीची आहे. ज्यांना शिस्त लावायची, तेच भागधारक. अशा वेळी बाहेरून चाबूक ओढायचा तो रिझर्व्ह बँकेने.

तो तिला ओढता येतो. नोव्हेंबर २०२०मध्ये एचडीएफसी बँकेच्या डेटा सेंटरची वीज गेली आणि सेवा ठप्प झाली. आधीचेही प्रकार होतेच. २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने तिला नवी क्रेडिट कार्डे देण्यास आणि नवे डिजिटल उपक्रम आणण्यास मनाई केली. ती पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला. २४ एप्रिल २०२४ला कोटक महिंद्रा बँकेवर तशीच बंदी आली, ती फेब्रुवारी २०२५पर्यंत राहिली. दोन्ही निर्णय योग्य होते. मग जिच्यावरून साऱ्या बँकांचे व्यवहार जातात, त्या यंत्रणेला ही कसोटी का नाही?

‘सगळ्या जगात यंत्रणा पडतात,’ असे उत्तर मिळते. पडतात ना. २० ऑक्टोबर २०१४ला बँक ऑफ इंग्लंडची मोठ्या रकमांची प्रणाली दिवसभर बंद राहिली, घरखरेदीचे व्यवहार लटकले. २३ ऑक्टोबर २०२०ला युरोपीय मध्यवर्ती बँकेची टार्गेट-२ ही पेमेंट प्रणाली नेटवर्क उपकरणातल्या सॉफ्टवेअर दोषामुळे कित्येक तास ठप्प झाली. दोन्हीकडे बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी झाली आणि तिचे अहवाल जनतेसाठी प्रसिद्ध झाले. मध्यवर्ती बँकेने स्वतःच्या चुका छापल्या म्हणून तिची अब्रू गेली नाही.

‘सेवा फुकट आहे’ हे दुसरे उत्तर तर खोटेच आहे. दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही, हे जानेवारी २०२०पासूनचे सरकारी धोरण आहे आणि त्याची भरपाई करदाता करतो. १९ मार्च २०२५ला केंद्रीय मंत्रिमंडळाने छोट्या यूपीआय व्यवहारांच्या प्रोत्साहनासाठी सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर केले. त्यातला काही हिस्सा बँकेची प्रणाली ९९.५ टक्क्यांहून अधिक वेळ चालू राहिली तरच मिळणार होता. म्हणजे महिन्याच्या ७२० तासांपैकी साडेतीन तास बंद पडली तरी चालणार होते. ते तास मध्यरात्रीचे की सणाच्या दुपारचे, हे टक्केवारीत कुठेच दिसत नाही. कमानियाच्या व्यापाऱ्याला मात्र ते गल्ल्यात दिसते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाने ग्राहकाला थोडे संरक्षण दिले आहे: कापलेले पैसे मुदतीत परत आले नाहीत तर दिवसाला शंभर रुपये. ज्याची विक्रीच बुडाली त्या दुकानदाराला छदामही नाही. पर्यायाचे म्हणाल, तर ऑगस्ट २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेनेच दुसरी देशव्यापी संस्था उभारायची चौकट जाहीर केली, अर्ज मागवले आणि प्रकरण बासनात बांधले. युद्ध किंवा आपत्तीत चालेल अशा हलक्या, सुटसुटीत पेमेंट प्रणालीची कल्पना तिच्याच २०२२-२३च्या वार्षिक अहवालात आहे. म्हणजे एकाच खांबावर सारा डोलारा उभा आहे, हे तिला पुरते माहीत आहे. मार्च २०२५मध्ये त्या खांबावर महिन्याला १,८०० कोटींहून अधिक व्यवहार तोललेले होते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मोठ्या खंडाची बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करा आणि तिचा अहवाल महिन्याभरात, नियम मोडणाऱ्या बँकांच्या नावांसह छापा. खासगी बँकांवर घातलेली बंधने निगमलाही लागू करा. दुकानदाराच्या भरपाईचा नियम करा. दुसरी यंत्रणा उभारण्याची तारीख जाहीर करा. रोकड सोडा, मोबाइल धरा, असे छोट्या व्यापाऱ्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले आणि त्याने ते ऐकले. ज्यांनी सांगितले त्यांनी आता त्याला जबाब द्यावा, आणि सुरुवात १२ एप्रिलपासून करावी.