फाईल हलकी करा, मूळ फोटो जपा

ग्वाल्हेरविषयी संकेतस्थळ करायला घेतले की पहिला फोटो तिथल्या महाराज बाडा या चौकाचा लागतो, आणि बाड्यावर एका फोटोने भागत नाही. टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, स्टेट बँकेची इमारत, शासकीय मुद्रणालय, व्हिक्टोरिया मार्केट, पलीकडे गोरखीचा जुना राजवाडा, मधोमध महाराजा जिवाजीराव शिंद्यांचा पुतळा. प्रत्येक इमारतीची घडण वेगळी. मराठी मंडळाचा उत्साही कार्यकर्ता मोबाइलवर भराभर फोटो काढतो आणि सगळेच्या सगळे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओततो. त्यावर गणेशोत्सवाचे फोटो चढतात, स्मरणिकेची पाने चढतात. वर्षभरात प्रोजेक्टची फाईल इतकी फुगते की उघडायला वेळ लागतो, सेव्ह करताना संगणक अडकतो, आणि नव्या कार्यकारिणीकडे ती ईमेलने पाठवावी तर जीमेलची मर्यादा 25 एमबीची. मग कोणीतरी एका संध्याकाळी बसून ‘सफाई’ करतो. आमचा आक्षेप या सफाईच्या पद्धतीला आहे.

आधी वजन कशाचे ते पाहावे. साध्या मोबाइलचा फोटो 4000 गुणिले 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख बिंदूंचा असतो. संकेतस्थळावर तो 1200 बिंदू रुंदीने दिसणार असेल तर लागतात जेमतेम 10 लाख 80 हजार. अकरा पट माल आत भरायचा आणि एक हिस्सा दाखवायचा, असा हा व्यवहार आहे. सॉफ्टवेअरमध्ये कोपरा धरून फोटो लहान केला किंवा कडा कापल्या तरी बहुतेक ठिकाणी मूळ फोटो आत तसाच राहतो. फक्त दिसणे बदलते. पान डिलीट केले तरी त्यावरची चित्रे अनेकदा साठ्यात पडून राहतात. एकच फोटो तीन जणांनी तीन नावांनी टाकला तर तो तीनदा साठतो. पुष्कळ सॉफ्टवेअर प्रकाशित करताना चित्रे आपणहून लहान करतात, त्यामुळे संकेतस्थळ झटकन उघडते आणि आतली फाईल किती सुजली आहे याचा कोणाला पत्ताच लागत नाही.

फोटोगणिक वजनही सारखे नसते. निरभ्र आकाशापुढे उभ्या असलेल्या पोस्ट ऑफिसचा फोटो आणि सणाच्या आदल्या दिवशीच्या बाड्यावरच्या गर्दीचा फोटो, दोन्ही एकाच मापाचे केले तरी गर्दीचा जड भरतो. जेपेगची पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे तुकडे पाडून चालते. आकाशाच्या एकरंगी तुकड्यात लिहिण्यासारखे फारसे नसते, गर्दीच्या आणि कोरीव दगडाच्या तुकड्यात बारकावे ठासून भरलेले असतात. म्हणून सगळ्या फोटोंना एकच दाबाचे प्रमाण लावून मोकळे होणे चुकीचे आहे. आकाश दाबाला सोसते, कमानींवरचे नक्षीकाम चिखल होऊन जाते. प्रत्येक फोटो डोळ्यांनी पाहून ठरवावा. फोटो पीएनजीत साठवू नये, जेपेग किंवा वेबपी वापरावे. मंडळाचे बोधचिन्ह मात्र एसव्हीजीत ठेवावे.

मराठी संकेतस्थळांचे खास दुखणे मजकुराचे आहे. मध्य प्रदेशात टायपिंगची सवय कृतिदेवची. त्या फॉन्टात केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, म्हणून पानेच्या पाने चित्र करून चिकटवली जातात. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. तिच्यात दोन हजार अक्षरचिन्हांचा लेख सुमारे सहा केबीत मावतो, कारण एका चिन्हाला तीन बाइट लागतात. तोच लेख छपाईच्या दर्जाच्या चित्रात शेकडो केबी खातो, आणि त्यातला एक शब्दही शोधता येत नाही. जुन्या स्मरणिकेत आपल्या आजोबांचे नाव शोधणाऱ्या नातीला अशा पानाचा काय उपयोग? फॉन्ट घेतानाही मोजकेच घ्यावेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ सात जाडींत मिळतो. साध्या संकेतस्थळाला दोन पुरतात.

बाड्यावरच्या छापखान्यासारख्या ठिकाणी खिळ्यांची जुळणी चाले तेव्हा छपाई झाली की जुळारी खिळे सोडवून पुन्हा ज्या त्या खणात टाकत. पुढच्या कामाला चौकट मोकळी होई आणि एकही खिळा हरवत नसे. प्रोजेक्टच्या फाईलला हीच शिस्त हवी. आज होते ते उलटे: फाईल जड झाली की फोटो लहान करून मूळच्याच जागी सेव्ह केले जातात, किंवा ‘जुने’ म्हणून पुसले जातात. संकेतस्थळासाठी लहान केलेली प्रत तेवढी उरते. ती मोठी करून छापता येत नाही, तिच्यावरून कमानीचे नक्षीकाम वाचता येत नाही.

याची किंमत बाड्याइतकी स्पष्ट क्वचितच दिसते. व्हिक्टोरिया मार्केट 2010 मध्ये आगीत होरपळले. पुढे इमारतीची डागडुजी झाली आणि आता तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. हे चांगलेच झाले. पण आगीआधीचे, दुकानांनी गजबजलेले मार्केट ज्याने फोटोत धरले होते, त्याचा फोटो पुन्हा काढता येणार नाही. तो आज कोणाच्या तरी जुन्या संगणकात, कोणत्या तरी मंडळाच्या फुगलेल्या फाईलमध्ये असण्याची शक्यता आहे, आणि पुढची सफाई तिथेच व्हायची आहे.

ग्वाल्हेरच्याच नव्हे, इंदूर, बडोदे, नागपूर, कोठल्याही मराठी मंडळाला आमचे सांगणे आहे. मूळ फोटो आधी वेगळ्या जागी ठेवा, दोन प्रती करा, प्रत्येकाला तारीख आणि जागेचे नाव द्या. ते झाले की मगच लहान केलेल्या प्रती प्रोजेक्टमध्ये घ्या, आणि तिथून काय वाटेल ते निर्धास्त पुसा. कार्यकारिणी बदलताना हिशेबाच्या वहीबरोबर मूळ फोटोंची ही पेटीही सही घेऊन सोपवा. तुमच्या घरी 2010 पूर्वीचे बाड्याचे फोटो असतील तर ते या आठवड्यातच बाहेर काढा.