स्वस्त बॅटरी कितीला पडते?

मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात सायकल ही शौकाची वस्तू नव्हे. पाळी सुटल्यावर घरी परतणारा कामगार, कांड्यांची पोती पोचवणारा पोऱ्या, खेड्यापाड्यांत साड्या-लुंग्या विकणारा फेरीवाला, या सर्वांची रोजी तिच्या दोन चाकांवर चालते. आता या सायकलींना मोटर लावता येते. चाकाच्या तुंब्यात मोटर, दांड्याला लिथियमची बॅटरी आणि मुठीला अंगठ्याने दाबायचा खटका. एवढ्यावर जुनी सायकल पायडल न मारता धावते. आमच्याकडून कापड नेणारे अनेकजण विचारतात, "शेठ, लावावी का?" आमचे मत असे की जरूर लावावी. पण लावण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, कारण या सौद्यात नफा-तोटा मोटरीत नाही, बॅटरीत आहे.

विजेचे आम्हाला भय नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी हातमाग सोडून यंत्रमाग धरले, तेव्हा गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इथे आणून, ठोकून-ठाकून चालवले गेले. जुन्या लोखंडाला वीज जोडून त्यातून रोटी काढणे हा हुनर आमच्या हाडीमाशी भिनलेला आहे. हीच सवय बॅटरीच्या बाबतीत घात करते, हे आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो.

आधी हिशोब पाहू. बाजारात सर्रास मिळणारी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची असते. दोन्हींचा गुणाकार ३६० वॉट-तास. थोडे पायडल मारत, बेताचे ओझे घेऊन गेल्यास किलोमीटरला १२ ते १५ वॉट-तास लागतात. म्हणजे एका भरणीत २४ ते ३० किलोमीटर. भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज जाते. युनिटला १० रुपये धरले तरी पाच रुपयांच्या आत काम होते. विकणारा एवढेच सांगतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पेट्रोलच्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी अर्ध्या लिटरहून जास्त तेल लागते, म्हणजे ५०-६० रुपये.

परंतु कारखानदार मालाची पडत काढताना नुसते सूत आणि मजुरी धरतो काय? यंत्राचा घसारा धरतो की नाही? बॅटरीचेही तसेच आहे. चांगली लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली, की तिची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. समजा ती १२ हजारांना घेतली आणि रोज वापरून ५०० दिवस चालवली, तर दिवसाला २४ रुपये घसारा झाला. विजेचे पाच मिळवले की २९. खरा खर्च हा आहे, पाच रुपये नव्हे. तरीही पेट्रोलच्या निम्मा आहे, आणि म्हणूनच आम्ही म्हणतो की जरूर लावावी.

आता स्वस्त बॅटरीचा हिशोब ऐका. तो आमच्या घरचाच आहे.

गेली अनेक वर्षे आमच्याकडून उधारीवर लुंग्या नेणारा एक फेरीवाला आहे. गुडघे दुखू लागले म्हणून त्याने सायकलीला मोटर बसवायचे ठरवले. बॅटरी एका कारागिराने पाच हजारांत बांधून देतो म्हणून सांगितले. उचल आम्हीच दिली, आणि "बारा हजार कशाला घालतोस, हीच घे" असा सल्लाही आम्हीच दिला. ती बॅटरी सत्तर दिवस चालली. पाच हजार भागिले सत्तर, दिवसाला ७१ रुपये. पेट्रोलपेक्षाही महाग!

नुकसान एवढ्यावर थांबते तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. रमजानचे दिवस होते. त्याची वस्ती दूर, म्हणून रात्री सायकल आमच्या गोदामात ठेवून, बॅटरी भरायला लावून तो घरी गेला. सेहरीसाठी आम्ही जागे होतो, तेव्हा राखणदाराची हाक आली. गोदामाच्या दारातून पांढरा धूर येत होता, आणि आत फटाके फुटावेत तसा आवाज. आमचा पुतण्या आणि राखणदार यांनी लांब बांबूने सायकल ओढून अंगणात आणली व बादल्यांमागून बादल्या पाणी ओतले. विझली असे वाटून आम्ही थांबलो, तर पुन्हा पेटली. चाळीस तागे गेले. वरच्या मजल्यावर तीन कामगार निजत असत, ते त्या वेळी सेहरीला उठले होते. आणखी महिनाभराने हेच घडले असते तर काय झाले असते, हा विचार आम्हाला आजही झोपू देत नाही. फेरीवाल्याला दोष देऊन आम्हाला मोकळे होता येत नाही. स्वस्ताचा सल्ला आमचा होता, आणि गोदामात भरायची परवानगीही आमची होती.

नंतर जाणत्या माणसाकडून ती बॅटरी उघडून घेतली. आत बोटाएवढे, १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असे चाळीस सेल होते. दहा-दहा सेलांच्या रांगा, अशा चार. नव्या बॅटरीतही असेच असते. पण हे सेल जुन्या लॅपटॉपमधून काढून, वरून नवे वेष्टण चढवलेले होते. लिथियमच्या सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये. दहा सेलांचे ४२ व्होल्ट. प्रत्येक रांगेवर नजर ठेवून वेळेवर वीज तोडणारी जी पट्टी असते, जिला बीएमएस म्हणतात, ती यात नव्हतीच. वर चार्जर ई-रिक्षाच्या जातीचा, म्हणजे शिशाच्या बॅटरीसाठी केलेला. असा ३६ व्होल्टचा चार्जर ४४ व्होल्टपर्यंत चढवतो. थकलेले सेल, पहारेकरी नाही, आणि भरणारा हात थांबत नाही. आतला पातळ पडदा फाटला, एक सेल तापून फुटला, त्याच्या उष्णतेने शेजारचा. आतले द्रव ज्वालाग्राही असते, म्हणून विझलेली आग पुन्हा पेटते. हा धूर विषारीही असतो.

इथेच माग आणि बॅटरी यांतला फरक ध्यानात घ्यावा. मोडीतला माग दुरुस्त होतो. दाता तुटला तर नवा बसतो, आणि फार तर माग बंद पडतो. झिजलेला सेल दुरुस्त होत नाही. त्याचा ऐब बाहेरून दिसत नाही, आणि तो नुसता बंद पडत नाही, जाळतो. लोखंडात जी काटकसर शहाणपणाची ठरली, ती बॅटरीत आत्मघाताची ठरते.

मग काय करावे? बॅटरी पक्क्या बिलावर, लेखी हमी घेऊन, सेल कोणाचे आणि नवे की जुने हे लिहवून घ्यावी. चार्जर तिच्याच जोडीचा वापरावा. भरणे दिवसा, माणूस जागा असताना, मोकळ्या हवेत करावे. कापसाजवळ, सुताजवळ, जिन्याखाली कदापि नको. उन्हातून आलेली बॅटरी लगेच भरू नये, आधी थंड होऊ द्यावी. ४५ अंशांच्या वर लिथियमची बॅटरी भरू नये असा दंडक आहे, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली एवढी उष्णता आमच्याकडे सहज होते. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी मिळाल्यास तिचा विचार करावा. ती वजनाला जास्त व महाग, पण उष्णतेला अधिक सोसणारी आणि कितीतरी जास्त वेळा भरता येणारी असते. वरच्याच रीतीने भागाकार करून पाहा, दिवसाचा घसारा बहुधा कमीच येईल.

कायदाही ठाऊक असावा. मोटरीची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आणि तपासणी संस्थेची मान्यता, अशा अटी पाळल्या तरच ती मोटर वाहनात धरली जात नाही. म्हणून किट घेताना मान्यतेचा कागद मागावा. काही लोक हौसेने ७५० किंवा १००० वॉटची मोटर लावतात. मग नोंदणी नाही, विमा नाही, आणि अपघात झाला तर उभे राहायला जागा नाही. शिवाय जुन्या सायकलीचे सळईचे ब्रेक माणसाच्या पायाच्या वेगासाठी केलेले आहेत. मोटरीआधी ब्रेक सुधारावेत.

आमच्या तरुणांना यात रोजगार आहे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. सेल पारखणे, सारख्या ताकदीचे निवडणे, पट्टी जोडणे, बीएमएस बसवणे हे काम शिकल्याने येते, बघून-बघून नव्हे. ज्याने पाच हजारांत ती बॅटरी बांधली तो कारागीर लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. बहुधा त्यालाही कोणी शिकवले नव्हते. पण जुने सेल नव्या वेष्टणात घालणे म्हणजे ऐब झाकून माल विकणे आहे. फाटका तागा घडीच्या आत लपवून विकणाऱ्याला आम्ही बाजारात काय म्हणतो? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुन्या सेलांची जागा तिथे आहे, गरिबाच्या सायकलीवर नाही.

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंना एक विनंती. तुमच्या कामगाराने किंवा फेरीवाल्याने बॅटरीसाठी उचल मागितली, तर पाच हजारांची देऊ नका, बारा हजारांची द्या आणि हप्ते लांबवा. आम्ही आता तसेच करतो. त्या फेरीवाल्याला नवी बॅटरी घेऊन दिली आहे. ती तो दुपारी, आमच्या ओट्यावर, आमच्या नजरेसमोर भरतो. सात हजार वाचवण्याच्या नादात आम्ही तीन माणसांचा जीव गहाण टाकला होता. असा सौदा कोणी करू नये.